मदत हवी आहे: सीओपीडी असलेले वडील आणि इन्सुलिन घेणारी आई, शिकागोपर्यंतचा विमानप्रवास

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

माझी धाकटी बहीण शिकागोजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी आईबाबा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघणार आहेत आणि मार्चमध्ये परतणार आहेत. व्हिसा आले आहेत, पण तिकिटे मी मुद्दाम थांबवून ठेवली आहेत, कारण दोघांच्या प्रकृतीविषयी काही गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय पैसे भरण्याचे धाडस होत नाही.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंग खात्यात त्यांनी ३१ वर्षे काढली. त्या वाळूची आणि धुराची देणगी म्हणून सहा वर्षांपूर्वी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसविकाराचे, निदान झाले. दोन इन्हेलर नियमित चालू आहेत. गेल्या वर्षी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात छातीत संसर्ग होऊन चार दिवस दवाखान्यात राहावे लागले होते. आता खोकला पूर्वीइतकाच, म्हणजे त्यांच्या मते ‘काहीच नाही’ इतका आहे. घरच्या ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचे यंत्र) ९३ टक्के दिसते. आई ६७ वर्षांची आहे. तिला मधुमेह होऊन वीस वर्षे झाली, सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेते, आणि मे महिन्यात उजव्या गुडघ्याचे सांधारोपण झाले आहे.

घरच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासून लेटरहेडवर ‘विमानप्रवासास योग्य’ अशा दोन ओळी लिहून दिल्या. त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु बाबांना खुर्चीवर बसवून तपासल्यावर एवढे लिहिता येते का, ही शंका मनातून जात नाही. त्यातच तिकिटे काढून देणाऱ्या एजंटने सांगितले, ‘ताई, आजाराचं काही कळवूच नका, उगाच फॉर्म मागतात आणि ऐन वेळी अडवतात. व्हीलचेअर तेवढी टाकतो मी.’ दोन-तीन नातेवाइकांनीही हाच सल्ला दिला. मला तो पटत नाही, पण कळवल्यामुळे खरोखरच प्रवास नाकारला गेला तर बहिणीची पंचाईत होईल, म्हणून उघडपणे विचारते आहे.

एजंटने दोन मार्ग सुचवले आहेत. मुंबई-दुबई तीन तास आणि पुढे दुबई-शिकागो सुमारे साडेचौदा तास, किंवा मुंबई-फ्रँकफर्ट सुमारे नऊ तास आणि पुढे शिकागोपर्यंत साधारण साडेनऊ तास. पहिला मार्ग स्वस्त आहे.

आमच्या हातून एकदा चूक झालेली आहे, तीही सांगते. दोन वर्षांपूर्वी दिल्लीला जाताना विमानात वरच्या कप्प्यांत जागा नाही म्हणून दारातच आमची एक बॅग घेऊन खाली सामानात टाकण्यात आली. घाईत माझ्या लक्षातच आले नाही की बाबांचे इन्हेलर आणि आईचे इन्सुलिन त्याच बॅगेत आहे. ती बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. दिल्लीत रात्री औषधाचे दुकान शोधत फिरण्याचा तो अनुभव मला पुन्हा नको आहे.

तेव्हा, बाबांच्या फुप्फुसांना एवढा प्रवास झेपेल की नाही हे नेमके कोणत्या तपासणीने कळते, विमान कंपनीला काय आणि कधी कळवावे लागते, आणि साडेदहा तासांचा वेळेचा फरक पडत असताना आईच्या इन्सुलिनचे गणित कसे बसवायचे, याविषयी प्रत्यक्ष अनुभव किंवा माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.


डोंगरवाट

एकच प्रश्न. ९३ हा आकडा बसलेले असतानाचा आहे की चालून आल्यावरचा?


कृष्णाकाठ

बसलेले असतानाचा. आपण विचारल्यावर आज सोसायटीच्या बोळात त्यांना त्यांच्या नेहमीच्या चालीने सहा मिनिटे चालवले. चौथ्या मिनिटाला ते चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने थांबले, आणि त्या वेळी बोटावर ८८ दिसत होते. पट्ट्याला काहीही झालेले नव्हते.


श्वासमार्ग

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न तपासता निर्णय देता येत नाही, तरी आपल्या डॉक्टरांशी काय बोलावे हे सांगता येईल.

विमान ३५ हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवलेला नसतो. तो साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फुटांचे आहे. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्याही वर, जवळजवळ सिमल्याच्या उंचीवर, चौदा-पंधरा तास बसून असतो. ८ हजार फुटांवर शरीराला मिळणारा प्राणवायू हा जमिनीवर १५ टक्के प्राणवायू असलेली हवा घेतल्याइतका पडतो; एरवी तो २१ टक्के असतो. निरोगी माणसाचा आकडाही तिथे ९० ते ९३पर्यंत उतरतो आणि त्याला त्याची जाणीवही होत नाही. आपल्या वडिलांची सुरुवातच ९३पासून आहे.

अर्थात, बसल्या जागेचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. ९३ असूनही विमानात व्यवस्थित राहणारे रुग्ण मी पाहिले आहेत आणि ९५ असूनही दमलेले पाहिले आहेत. चालल्यावर ८८ हा मात्र स्पष्ट इशारा आहे, आणि जुलैमधील संसर्ग त्यात भर घालतो. त्यांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, नव्याने करून घ्यावी. त्यानंतर ‘हायपॉक्सिक चॅलेंज’ नावाची चाचणी करता येते. तीत रुग्णाला मास्कमधून १५ टक्के प्राणवायूची हवा सुमारे वीस मिनिटे देतात आणि आकडा किती उतरतो हे पाहतात. तो ८५च्या खाली गेला तर विमानात प्राणवायू लावून प्रवास करावा, असे सर्वसाधारणपणे ठरवले जाते. ही सोय प्रत्येक शहरात नसते, पण पुण्या-मुंबईत चौकशी केल्यास मिळू शकेल.

प्राणवायू लागला तर घरचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारे हातातले कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच प्राणवायू वेगळा करून देणारे यंत्र, न्यावे लागते, आणि कंपन्या उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या मागतात. आपले दोन मार्ग या हिशेबाने पाहा. साडेचौदा तासांच्या उड्डाणाला जवळजवळ बावीस तासांच्या बॅटऱ्या लागतील, साडेनऊ तासांच्या उड्डाणाला चौदा-साडेचौदा तासांच्या. शिवाय १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या सुट्या नेता येतात, त्यावरच्या १६०पर्यंतच्या बॅटऱ्यांना कंपनीची परवानगी लागते आणि त्याही दोनच चालतात. सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात टाकायच्या नसतात. आसनाजवळच्या प्लगवर भरवसा ठेवू नये. आणखी एक बारकावा असा की, या यंत्रावरचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला दोन लिटर नव्हे. बहुतेक यंत्रे फक्त श्वास घेताना झोत सोडतात. म्हणून जे यंत्र नेणार त्याच यंत्रावर त्यांना चालवून पाहावे.

एजंटचे ऐकू नये. सीओपीडी आणि प्राणवायूची गरज असेल तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म, ज्याला सगळे मेडिफ म्हणतात, भरावाच लागतो. त्याचा एक भाग प्रवासी भरतो, दुसरा डॉक्टर, आणि निर्णय कंपनीचा वैद्यकीय विभाग देतो. बहुतेक कंपन्या तो निदान ४८ ते ७२ तास आधी मागतात, पण मी रुग्णांना आठवडाभर आधीच पाठवायला सांगतो. दुसरीकडे, केवळ लांब चालवत नाही म्हणून व्हीलचेअर हवी असेल किंवा मधुमेह स्थिर असेल, तर त्यासाठी एरवी या फॉर्मची गरज नसते. वर्षापूर्वीचा स्टेंटही, छातीत दुखत नसेल तर, प्रवासाच्या आड येत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा एकही डोस चुकू देऊ नये आणि अलीकडच्या ईसीजीची प्रत जवळ ठेवावी.

जाताजाता एक सांगतो, कारण आपण कोल्हापूरच्या आहात. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, जसे वेफर्सचे बंद पाकीट विमानात फुगते. फुगलेले पोट खालून फुप्फुसांना दाबते. निघायच्या दिवशी मिसळ नको.


माहेरवाशीण

माझी आई न्यू जर्सीला तीन वेळा येऊन गेली आहे आणि तिन्ही वेळा इन्सुलिनवर होती, म्हणून त्या भागाचे लिहिते.

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. तुमच्या आईचा तो दिवस २४ तासांचा नसून साडेचौतीस तासांचा असणार आहे. त्यामुळे बहुधा एखादा जास्तीचा डोस किंवा डोसची फेरमांडणी लागते, आणि परतताना दिवस आखडतो म्हणून उलट होते. मिश्र इन्सुलिनमध्ये हे स्वतःच्या मनाने करू नये. आमच्या डॉक्टरांनी एका कागदावर भारतीय वेळ, तिथली वेळ, जेवण आणि युनिट असे चार रकाने आखून दिले होते. तुमच्या आईने मनगटावरचे घड्याळ शिकागोला उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा धडा मिळाला तो असा: ताट समोर येऊन ठेवल्याशिवाय सुई टोचायची नाही. पहिल्या खेपेस आईने घरच्या सवयीने जेवणाच्या अर्धा तास आधी इन्सुलिन घेतले. त्याच वेळी विमान हादरू लागले, कर्मचारी आपापल्या जागी बसले आणि जेवण तासाभराने आले. तिच्या हाताला कंप सुटला होता. शेजारच्या बाईंनी दिलेल्या साखरेच्या दोन पुड्यांवर वेळ निभावली. त्यानंतर ग्लुकोजच्या गोळ्या आणि राजगिऱ्याचे लाडू तिच्या कमरेच्या पिशवीत असतात. प्रवासाच्या दिवशी साखर थोडी वाढलेली परवडते, उतरलेली परवडत नाही, असे आमचे डॉक्टर म्हणत.

इन्सुलिन खालच्या सामानात कधीही नको. तिथे ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेले पेन खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, त्यामुळे त्याला बर्फात बुडवण्याची गरज नसते. उरलेल्या साठ्यासाठी पाण्यात भिजवून वापरायची एक पिशवी मिळते. माठातले पाणी गार होते त्याच तत्त्वावर ती चालते. सगळ्या औषधांच्या मूळ वेष्टनांसह चिठ्ठी जवळ असावी, आणि चिठ्ठीत औषधांची मूळ नावे असावीत, कारण आपल्याकडची कंपन्यांची नावे तिकडच्या डॉक्टरांना कळत नाहीत. एक संच आईच्या पिशवीत आणि एक बाबांच्या, अशी विभागणी करा. बॅग दारात मागून घेतली तरी पिशवी खांद्यावरच राहते.

आणि एक विचारायचे राहिले: गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईंना ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी दिली होती का? दुबईमार्गे जाणार असाल तर हे नीट पाहा. ट्रॅमाडॉल आणि कोडीन ही औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत, त्यांना आधी परवानगी लागते. खसखसही तिथे चालत नाही, म्हणून बाळंतिणीसाठी केलेल्या लाडवांत ती घातली असेल तर त्या वाटेने नेऊ नका.


परतीचा पाऊस

लपवण्याविषयी. माझ्या सख्ख्या काकांनी दम्याचा त्रास कळवला नव्हता. मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतर दारापर्यंत चालत गेले आणि तिथे त्यांना धाप लागली. कर्मचाऱ्यांनी विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलावले, आणि त्या डॉक्टरांच्या हातात काकांचा एकही कागद नव्हता. त्यांना खाली ठेवून विमान गेले. तेव्हा आम्ही कंपनीवर चिडलो होतो, पण आज वाटते की तो माणूस पुढे अटलांटिकवर धापला असता तर कुणी काय केले असते? काकांनी चार महिन्यांनी फॉर्म भरून तोच प्रवास केला.


नीलमोहोर

सांधारोपण झालेल्यांसाठी थोडेसे. माझ्या शस्त्रक्रियेनंतर मला तीन महिने लांबचा प्रवास करू दिला नव्हता. आपल्या आईंना तोवर पाच महिने झालेले असतील. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसल्याने पायातील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात म्हटले आहे, आणि तो धोका विमानापुरता नसून कोणत्याही बैठ्या प्रवासाला लागू आहे. त्यामुळे कोल्हापूर-मुंबई हा आठ तासांचा गाडीचा प्रवास लगेच आधी जोडू नका. पोटरीपर्यंतचे घट्ट मोजे माप घेऊनच आणावेत. मधुमेहामुळे पायांचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर असे मोजे अपायकारक ठरू शकतात, म्हणून आधी पाय तपासून घ्यावेत. मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये.

आमच्या पिढीतल्या बायकांची एक खोड आहे. स्वच्छतागृहात जायला संकोच वाटतो म्हणून आम्ही प्रवासात पाणीच पीत नाही. विमानातली हवा विलक्षण कोरडी असते, आणि पाणी न पिता, न उठता चौदा तास बसणे म्हणजे गुठळीला आमंत्रण देणे आहे. आईंना खिडकी देऊ नका, वाटेलगतची जागा द्या, म्हणजे कुणाला उठवावे लागत नाही.


कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अठरा दिवसांनी लिहिते आहे.

बाबांची चाचणी पुण्यात झाली. मास्क लावून बाराव्या मिनिटाला आकडा ८३वर आला. ते शांतपणे बसून होते आणि ‘मला काही होत नाहीये’ असे खुणेने सांगत होते. मला वाटते तेच सर्वांत भीतिदायक होते. प्राणवायू सुरू केल्यावर ९१ झाले. प्रवास करू शकतात, पण प्राणवायूवर आणि मध्ये थांबून, असे तज्ज्ञांनी लिहून दिले. न्यायचे यंत्र भाड्याने आणून त्यावर त्यांना बोळातून चालवले. झोत ‘२’वर ठेवला तेव्हा ८९ आणि ‘३’वर ठेवला तेव्हा ९२ आले. ‘३’वर एक बॅटरी साडेतीन तासच चालते, म्हणून चार बॅटऱ्या घेतल्या आणि एक जास्तीची. प्रत्येकीवर ९८ वॅट-तास लिहिलेले आहे, ते मी आधी वाचून घेतले.

तिकिटे फ्रँकफर्टमार्गे काढली. आईच्या कपाटात ट्रॅमाडॉलची अर्धी पट्टी सापडली. ती घरीच राहील. आईच्या पायांची तपासणी ठीक आली आणि मोज्यांचे मापही घेतले. दोघांना फ्लूची लस दिली. घरात तान्हे बाळ येणार म्हणून डॉक्टरांनी डांग्या खोकल्याचा समावेश असलेली लसही निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यायला सांगितली. हे मात्र मला सुचलेच नव्हते. विम्यात दोघांचेही जुने आजार नोंदवले, हप्ता वाढला.

एक शंका राहिली आहे. मेडिफ जाण्यासाठी मंजूर झाला, पण मार्चमध्ये परतताना तोच चालेल का?


श्वासमार्ग

नाही, तो चालेल असे गृहीत धरू नका. पाच महिन्यांपूर्वीची प्रकृती कंपनी ग्राह्य धरत नाही. परतीचा फॉर्म तिथल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागेल, म्हणून बहिणीला फेब्रुवारीतच त्यांची वेळ घेऊन ठेवायला सांगा, आणि इथली स्पायरोमेट्री व चाचणीचे अहवाल इंग्रजीत बाबांबरोबर द्या. हिवाळ्यात तिकडे छातीत संसर्ग झाला, तर पूर्ण बरे होईपर्यंत परतीची तारीख पुढे ढकलता येईल असेच तिकीट असू द्या.


कृष्णाकाठ

तारीख बदलता येणारे तिकीट आहे. अहवालांच्या दोन प्रती काढल्या; एक बाबांच्या पिशवीत, एक आईच्या.